खंडेनवमीचा उजवा आरसा

समस्त नातेवाईक, शेजारीपाजारी आणि सैदापेट परिसरात मोकाट हिंडणाऱ्या सर्व गोमाता यांना याद्वारे कळविण्यात येते की, गेल्या खंडेनवमीला भर दुपारी आमच्या गाडीच्या उजव्या आरशाचे आकस्मिक निधन झाले. सदर दुर्घटनेबद्दल पार गुम्मिडिपूंडीपर्यंत नाना कहाण्या पसरल्या आहेत. त्यांपैकी एकीत मी ढसाढसा रडले असा उल्लेख आहे. ती कहाणी माझ्या धाकट्या दिरांनी पसरवली असून ती सपशेल खोटी आहे. अधिकृत वृत्तांत पुढे देत आहे. वाचताना कुणी मध्ये बोलू नये.

मी मूळची साताऱ्याची. लग्न करून चेन्नईत आले त्याला आता निम्मं आयुष्य होत आलं. सासरची माणसं तंजावरकडची. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून घरात मराठीच बोलतात. पण ती मराठी माझ्या माहेरच्यांना ऐकवली तर कुणीतरी पोथी वाचतंय असं समजून ते आधी हात जोडतील. सासूबाई अजून ‘आतां’, ‘कोठें’, ‘नाहीं’ असं नाकातून बोलतात आणि वाक्याचं शेपूट तमिळसारखं वर उचलतात. पहिली दोन वर्षं त्या मला रागावताहेत की जेवायला बोलावताहेत हेच मला कळत नसे. बहुतेक वेळा दोन्ही असायचं.

माझी नोकरी इरुंगाट्टुकोट्टैची. मोटारींच्या दारांवर बाहेरून जे आरसे असतात, ते आमच्या कारखान्यात तयार होतात आणि मी तिथे तपासणी विभागात आहे. काच थरथरते का, कवचाचा सांधा जुळतो का, आरसा दाराला सरळ बसतो का, हे बघायचं आणि पसंत पडलं तर शिक्का मारायचा. या शहरातले निम्मे लोक मागचं जे काही बघतात ते माझ्या परवानगीनं बघतात, असं मी घरी नेहमी सांगते. घरचे सोसतात. दीर सोसत नाहीत. ते आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात आणि वर आले की म्हणतात, “वैनी आरसे बसवतात, पण कागदावर!”

हे खरं होतं, आणि म्हणूनच झोंबायचं. हजारो आरसे हाताखालून गेले, पण एकही मी स्वतः गाडीवरून काढला नव्हता की बसवला नव्हता.

आता मुद्दा. माझी नणंद चेन्नईच्या उत्तरेला, शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला असते. तिचे यजमान तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. दसऱ्याचं जेवण दर वर्षी तिच्याकडे, आणि तिथवर गाडी नेणार माझा नवरा, हा ठरलेला रिवाज. गेल्या वर्षी नेमका तो कामासाठी बेंगळुरूला अडकला. माझ्या हातात तेव्हा गाडी चालवण्याचा परवाना आलेला होता. बेसंट नगरच्या समुद्रापर्यंत, बाजारापर्यंत, नाटकाला, डॉक्टरकडे, अशी शहरातल्या शहरात मी गाडी फिरवत होते. शहराची हद्द मात्र ओलांडली नव्हती. मग मी घरच्या व्हॉट्सॲप गटावर घोषणा केली: यंदाचं सीमोल्लंघन मी करणार. आईंना घेऊन गुम्मिडिपूंडीला मी येणार.

गटावर जोडलेल्या हातांची रांग लागली. शाबासकीचे हात वेगळे असतात, हे देवाला जोडलेले होते. आणि दिरांचा निरोप आला: “वैनी, कशाला दगदग? माझी मोठी गाडी आहे. आईजवळ मागं बसा, सुंडलचा डबा धरा.”

सुंडल म्हणजे नवरात्रातली हरभऱ्याची कोरडी उसळ. तिचा तो डबा माझ्या डोक्यात गेला. लग्न झाल्यापासून या घरातल्या प्रत्येक प्रवासात मी मागच्या सीटवर कुठला ना कुठला डबा धरून बसलेली आहे. सांबार सांडू नये म्हणून मी किती वळणं पोटात जिरवली आहेत त्याला हिशेब नाही.

निकाल सासूबाईंनी दिला. “सुनेच्या गाडींत बसेन,” त्या म्हणाल्या. “पण गाडीची पूजा झाली पाहिजे. पूजा न झालेली गाडी दसऱ्याला आपल्या घराबाहेर जात नाहीं.”

एवढीच अट. मला ती अगदीच किरकोळ वाटली.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगायला हवं की चेन्नईत खंडेनवमी हे प्रकरण फार मोठं असतं. इथे तिला आयुधपूजा म्हणतात. ज्याचं पोट ज्या अवजारावर, तो ते अवजार धुऊनपुसून, चंदन-कुंकू लावून केळीच्या पानावर मांडतो. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अवजारांना हक्काची रजा! शहरभर पाने-पकडी, करवती, शिवणयंत्रं, हिशेबाच्या वह्या देवापुढे आडव्या पडलेल्या असतात. आमच्या घरी सासूबाई सकाळी सकाळीच धाड घालतात. हातोडी, स्क्रूड्रायव्हर, कात्री, सुऱ्या, दिरांचा लॅपटॉप, एवढंच काय नखं कापायचं यंत्रसुद्धा पाटावर जातं. मोबाईल तेवढा त्या मागत नाहीत. मागितला असता तर घरात नास्तिकांची संख्या वाढली असती, हे त्या जाणून आहेत.

अवजारांची पूजा सकाळी, वाहनांची दिवेलागणीला. मधल्या वेळात गाड्या धुवायच्या आणि सजवायच्या. दिरांनी स्वतःच्या गाडीला पुढे दोन्ही बाजूंना केळीची छोटी रोपं बांधली, झेंडूच्या माळा सोडल्या. लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती गाडी. मग मोठ्या मनानं माझ्याही गाडीकडे वळले. सुतळी संपत आली होती. त्यांनी उरलेलं केळीचं रोप माझ्या उजव्या आरशाला बांधलं. “इथं बांधलं की फोटोत छान दिसतं,” म्हणाले आणि फाटक उघडं टाकून जेवायला गेले.

गाय आली ती त्याच फाटकातून.

मी वरच्या गॅलरीतून बघत होते. गाय आमच्या ओळखीची, गल्लीतली, स्वभावानं शांत. दिरांच्या झेंडूकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. थेट माझ्या आरशाजवळ आली, केळीचं कोवळं पान तोंडात धरलं आणि मान मागे घेतली. पान येईना. तिनं आणखी जोरात मान मागे घेतली. आरसा पुढच्या बाजूला वाकला, कवच उडालं, काच खाली पडून तिचे तुकडे झाले आणि केळीचं रोप सुतळीसकट गाईबरोबर फाटकाबाहेर गेलं.

“गोमाता आली गो!” सासूबाईंनी खालच्या ओट्यावरून हात जोडले. “खंडेनवमीला गाय दारांत! केवढें शुभ!” मग त्यांची नजर गाडीवर गेली. “अय्यय्यो!”

मी जिना उतरून खाली पोचले तोवर दीर हात न धुता बाहेर आले होते. सासूबाई कमरेवर हात ठेवून आरशाच्या सांगाड्याकडे बघत होत्या. एका वायरीला लोंबकळत तो हलत होता.

“खंडित मूर्ति आपण पुजत नाहीं,” त्या सावकाश म्हणाल्या. “मग खंडित गाडी कशी पुजूं?”

“मग ठरलंच,” दीर म्हणाले. “माझी गाडी.” चेहरा त्यांनी दुःखी ठेवला होता. मिशा मात्र आनंदात होत्या.

“भावजी, केळ कुणी बांधली?”

“केळ मी बांधली वैनी. गाय मी नाही सोडली!”

मी रडले नाही. पुन्हा सांगते, रडले नाही. डोळ्यांत केळीचा चीक गेला होता. मी सासूबाईंना विचारलं, “दिवे लागायच्या आत नवा आरसा बसला, तर पूजा कराल?”

“अखंड झाली तर करीन. कां नाहीं करणार?”

मी चपला घातल्या आणि रिक्षा केली. रिक्षालाही केळी बांधलेल्याच होत्या. गिंडीपर्यंत मी त्यांच्यावर डोळा ठेवून बसले. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत वाकून बघितलं तर मालक प्रसादाच्या चुरमुऱ्यांच्या पुड्या बांधत होता. आरसा मागितल्यावर त्यानं आनंदानं काढून दिला. नवमीला विक्री झाली की लक्ष्मी येते. पण बिल मागितलं तर तो दचकला. बिलाची पुस्तकं देवापुढे होती. आणि बसवून द्याल का म्हटल्यावर तो चक्क एक पाऊल मागे सरकला.

परत आले ती थेट आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे. धिप्पाड माणूस, कमरेला शुभ्र वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे. एरवी ग्रीसमध्ये माखलेला असतो, त्या दिवशी नवरदेवासारखा उजळला होता. त्याच्या मागे केळीच्या पानावर सगळे पाने लहानमोठ्या क्रमानं झोपलेले.

“पूजै पोट्टाच्चु, अक्का,” तो म्हणाला. पूजा झाली. “उद्या या.”

“तीनच नट आहेत हो.”

“तीन असोत, तीनशे असोत, आज माझ्या हातून एकही फिरणार नाही.” मग माझ्या हातातल्या नव्या आरशाकडे बघून त्याचा जीव थोडा खालीवर झाला असावा. “पण बघायला येतो,” तो म्हणाला. “बघायला बंदी नाही.” आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून माझ्या मागून चालू लागला.

घरी आले, तडक देवघरात गेले. शिवणयंत्र आणि लॅपटॉप यांच्यामध्ये आमचा दहा नंबरचा पाना पहुडला होता, कपाळावर कुंकवाचा टिळा लावून. मला हवा होता तो हाच. मी फक्त जरासा हात पुढे केला.

“अगो! हात!” मागून आवाज आला.

मी हात मागे घेतला. पण मी तपासणी विभागातली बाई आहे. नियम दाखवला की त्याच्या कडा कुठे संपतात ते बघायची मला सवय आहे.

“आई, सुरी?”

“देवापुढें.”

“कात्री?”

“देवापुढें. दिसत नाहीं?”

“अडकित्ता?”

“तोहि.”

“आणि दोशाचं उलथनं?”

“तें चुलीपाशीं. तें कशाला देवापुढें? संध्याकाळीं दोसे कशानें उलटूं?”

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. तिथलं सगळं लोखंड आम्हा दोघींना एकदमच दिसलं असावं. घरातल्या खिळ्या-मोळ्यांना रजा होती, आणि उलथनं, झारा, किसणी मात्र रोजच्यासारखे कामावर. मी त्यांच्याकडे हसून बघितलं. त्या हसल्या नाहीत. मागे वळून स्वयंपाकघरात गेल्या आणि येताना एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हातात सांडशी घेऊन आल्या. ही सांडशी त्यांनी लग्नात तंजावरहून आणलेली. जाड लोखंडाची, मनगट भरून येईल एवढ्या वजनाची. आमच्या घरातलं प्रत्येक उकळतं भांडं तिनं उतरवलेलं आहे.

“हें घे,” त्या म्हणाल्या. “ह्याला आजवर कोणीं कुंकू लावलेलें नाहीं.”

आता रंगमंच कल्पावा. मध्यभागी मी, पदर खोचलेला, ड्रायव्हरच्या सीटवर आडवी बसलेली. दाराच्या बाहेर सासूबाई, मोडका आरसा दोन्ही हातांनी तोलून धरलेल्या, आरतीचं तबक धरावं तशा. फाटकापाशी मेकॅनिक, हात पाठीमागे. ओट्यावर दीर, मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ लावून तयार.

“वैनी, हा बघा, यात कसं काढायचं ते दाखवतात...”

“भावजी, आवाज बंद करा.”

खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात, दाराच्या आतल्या बाजूला, प्लॅस्टिकचं एक तिकोनी झाकण असतं. त्याच्यामागे आरशाचे नट लपलेले असतात. उलथन्याला फडकं गुंडाळून मी त्याची कड झाकणाखाली सारली आणि दोसा तव्यावरून सोडवावा तशी हलक्या हातानं चहूबाजूंनी फिरवली. टक्कन आवाज झाला. मेकॅनिक कळवळला. पण झाकण अख्खं हातात आलं, एकही खाच न मोडता. दोसा फाटू न देता काढायला वर्षानुवर्षं शिकलेला हात होता तो. वाया जात नाही काही.

आतली वायर बोटांनीच सुटली. नट मात्र हट्टी निघाले. सांडशीचा जबडा भांड्याच्या काठासाठी वाकवलेला असतो; नटावर तो बसेना. एकदा निसटला, माझी बोटं दारावर घासली. दुसऱ्यांदा निसटला, तेव्हा मी जो शब्द उच्चारला तो साताऱ्याचा होता आणि सासूबाईंना सुदैवानं कळला नाही. ऊन इमारतीच्या गच्चीवर चढलं होतं. समोरच्या घरात पूजेची घंटा वाजायला लागली.

“वैनी,” दीर आता खरोखर मऊ आवाजात म्हणाले, “राहू द्या. पुढच्या वर्षी न्या आईला.”

मला त्यांची थट्टा चालते. तो मऊपणा मात्र मला सोसवला नाही. मी डोळे मिटले आणि आमच्या कारखान्यातला बाक आठवला. तपासणीला आरसा शिकंज्यात धरताना ओरखडा पडू नये आणि निसटूही नये म्हणून जबड्यात आम्ही रबर घालतो.

“आई, कुकरची तुटलेली रिंग टाकलीत की आहे?”

“मी कधीं कांहीं टाकतें?” त्या अभिमानानं म्हणाल्या. दिरांना ओट्यावरून बोलावून मोडका आरसा त्यांनी त्यांच्या हातात कोंबला आणि आत जाऊन रिंग घेऊन आल्या.

रबराचा तुकडा नटाभोवती गुंडाळला, वरून सांडशी दाबली, दात-ओठ खाल्ले. क्षणभर काहीच नाही. मग आतून ‘कर्रर्र’ असा आवाज आला आणि नट हलला. मेकॅनिकनं मागे धरलेले हात विसरून टाळी वाजवली. पुढचे दोन नट पहिल्याचं बघून शहाणे झाले. मोडका आरसा दाराला सोडून दिरांच्या हातात आला, आणि तो तबकासारखा धरून ते उभे राहिले. त्यांचा फोटो काढायचा मोह मी आवरला, कारण हात काळे झाले होते.

नवा आरसा भोकांत बसवला, वायर ओढून घेतली, नट आधी नुसत्या बोटांनी फिरवले.

“आता एकेक घट्ट आवळून टाका की,” दीर म्हणाले.

इथे मी सांडशी खाली ठेवली. अशी संधी माणसाच्या आयुष्यात फार वेळा येत नाही. “भावजी,” मी म्हटलं, “एकच नट आधी पूर्ण आवळला की आरसा तिरका बसतो. मग गाडी पळायला लागली की काच थरथरते आणि मागच्या एका लॉरीच्या चार लॉऱ्या दिसतात. असे तिरके आरसे मी परत पाठवते. आलटूनपालटून, थोडं थोडं आवळायचं असतं.”

“करेक्ट,” मेकॅनिक म्हणाला.

थोडं इकडे, थोडं तिकडे, असं करत तिन्ही नट बसले. वायर जोडली, तिकोनी झाकण तळव्यानं ठोकून बसवलं. किल्ली फिरवली, बटण दाबलं. काच वर गेली, खाली आली, आत वळली, बाहेर वळली. इंजिन चालू ठेवून मी आरशात बघितलं. मागच्या भिंतीवरचा विजेचा दिवा नुकताच लागला होता, आणि आरशात तो एकच दिसत होता, अगदी स्थिर. मी खाली उतरले. कवचाच्या सांध्यावरून नख फिरवलं, दोन पावलं मागे जाऊन डोळा बारीक केला, पुढे येऊन पुन्हा नख फिरवलं. आपल्याच कामात खोट काढायला मी जेवढी धडपडले तेवढी दुसऱ्याच्या कामात कधी धडपडले नव्हते. सापडली नाही. शिक्का तेवढा जवळ नव्हता.

सासूबाईंनी गाडीला चंदन लावलं, कुंकू लावलं, नव्या आरशाच्या पाठीवर ठसठशीत टिळा दिला. मला भरून आलं. मी कुंकवाची कोयरी घेतली आणि सांडशीच्या डोक्याला बोट लावायला गेले, तर त्यांनी ती माझ्या हातातून हिसकावून घेतली.

“ठेव आधीं! कुंकू लागलें कीं उद्यांपर्यंत हात लावतां येणार नाहीं. दूध उतूं जाईल तें कशानें उतरवूं? तुझ्या पदवीनें?”

चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी त्यांच्यावरून पुढे घेतली. मेकॅनिकनं सगळ्यांतर्फे कोहळा फोडला, कारण त्याला काहीतरी हातानं करायचंच होतं. चुरमुरे वाटले. सासूबाईंनी सगळ्यांचं कौतुक केलं: कोहळ्याचं, झेंडूचं, गाईचंसुद्धा. माझं नाही. त्यांच्या शास्त्रात सुनेचं तोंडावर कौतुक बसत नाही. ते शेजारणीला सांगायचं असतं, तेही सून घरात नसताना.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सगळी आयुधं पुन्हा पूजा होऊन कामावर रुजू झाल्यावर आम्ही निघालो. सासूबाई माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर, नव्या साडीत. मागून दिरांची मोठी गाडी. सुंडलचा डबा त्यांच्याकडे होता. माधवरम मागे पडलं. रस्ता रुंद झाला, घरं विरळ झाली, आणि मला समोर शहराची हद्द संपल्याची पाटी दिसली. मी पाठ ताठ केली. असा क्षण शांतपणे अनुभवावा म्हणून खिडकीची काच खाली घेतली.

नेमकी तेव्हा उजव्या बाजूनं शहराची एक बस भरधाव आली आणि माझ्या दाराला खेटून चालायला लागली. बसच्या दारात कंडक्टर लोंबकळत उभा होता, इतका जवळ की त्याच्या खिशातली शिट्टी दिसत होती. नव्या आरशात आणि बसच्या पत्र्यात बोटभर अंतर उरलं. मी श्वास धरला, चाक घट्ट धरलं आणि गाडी सरळ ठेवली.

सासूबाईंनी श्वास धरला नाही. जन्मभर बाहेरच्यांशी तमिळमध्येच बोलणारी ती बाई माझ्या अंगावरून खिडकीकडे झेपावली आणि थेट तंजावरच्या मराठीत कडाडली, “अरे कंडक्टरा, लांब हो कीं! तो आरसा माझ्या सुनेनें बसविला आहे!”